परिचारिकेची टोपी : मान कोणाचा, खर्च कोणाचा?

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. त्या निमित्ताने जी चित्रे छापली जातात त्यांत खळ घातलेली पांढरीशुभ्र टोपी आणि हातात तेवणारा दिवा या दोन गोष्टी हमखास असतात. शाळकरी मुलांच्या पुस्तकातली परिचारिका तशीच असते आणि जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांतलीही तशीच. प्रत्यक्षात मात्र ही टोपी मागे पडत चालली आहे. खासगी रुग्णालयांत बहुतेक ठिकाणी ट्युनिक आणि पँट आली, शासकीय रुग्णालयांत साडीची जागा पंजाबी पोशाखाने घेतली. शिकाऊ मुलींच्या पदवीदान आणि दीपप्रज्वलन समारंभात तेवढी टोपी डोक्यावर चढते, छायाचित्र निघते, आणि पुन्हा पेटीत जाऊन पडते.

या बदलावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. टोपी गेली आणि तिच्यामागोमाग शिस्तही गेली, अशी खंत निवृत्त मेट्रन मंडळी व्यक्त करतात. ती ब्रिटिश अमदानीची आणि स्त्रीच्या आज्ञाधारकपणाची खूण होती, गेली ते बरे झाले, असे तरुण परिचारिकांचे म्हणणे असते. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. पण खाटेवर पडल्यापडल्या ज्याला परिचारिका ओळखायची असते तो रुग्ण, आणि जिला गणवेश शिवून घ्यावा लागतो, धुवावा लागतो, कुठेतरी बदलावा लागतो ती सामान्य अधिपरिचारिका, या दोघांच्या बाजूने प्रश्न मांडला गेल्याचे फारसे आढळत नाही. वस्तुतः हा प्रश्न भावनेचा आहे तितकाच अर्थशास्त्राचा आहे, आणि म्हणूनच वैद्यकाशी संबंध नसलेल्या प्रस्तुत लेखकाने त्यात तोंड घालण्याचे धाडस केले आहे.

टोपीची कुळकथा

ही टोपी मुळात वैद्यकाची नाहीच. युरोपात रुग्णशुश्रूषेचे काम शतकानुशतके ख्रिस्ती जोगिणींकडे होते आणि त्यांचे मस्तक झाकलेले असे. जर्मनीत कैझरस्वर्थ येथे फ्लीडनर या धर्मोपदेशकाने १८३६ मध्ये सेविकांना शुश्रूषेचे शिक्षण देणारी संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तेथे काही महिने शिकली. क्रिमियाच्या युद्धानंतर, १८६० मध्ये, लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा सुरू झाली. तिच्या धर्तीवर तयार झालेल्या परिचारिकांनी पुढे साम्राज्यभर जो पोशाख नेला त्यात ही टोपी होती. 'सिस्टर' हे संबोधनही त्याच कुळातले. त्या काळी घरंदाज स्त्रीने उघड्या डोक्याने वावरणे तिकडेही शिष्टसंमत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे टोपीचा अर्धा उलगडा होतो.

उरलेला अर्धा असा की, नाइटिंगेलपूर्व इंग्लंडात पैसे घेऊन शुश्रूषा करणाऱ्या बाईची पत अगदीच हलकी होती. डिकन्सने १८४३-४४ च्या सुमारास लिहिलेल्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत सेअरी गँप नावाची अशी एक बाई रंगवली आहे : मद्याच्या आहारी गेलेली आणि रुग्णाविषयी बेफिकीर. ते नाव इंग्रजीत गबाळ्या परिचारिकेचे सामान्यनामच होऊन बसले. नव्याने शिकून आलेल्या मुलीला 'मी त्यांच्यातली नव्हे' हे बोलल्यावाचून सांगण्याचे साधन हवे होते, ते तिला कडक टोपी, उंच गळपट्टी आणि डाग न खपवून घेणारा एप्रन यांतून मिळाले. (खुद्द नाइटिंगेलचा भर टोपीपेक्षा आकड्यांवर अधिक होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे. क्रिमियात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरतात हे तिने तक्ते आणि आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता, तो आरोग्य आणि स्वच्छता या विषयांवर.)

आपल्याकडे अशा खुणेची निकड कितीतरी अधिक होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे, आणि जातपात न पाहता सर्वांना शिवायचे; उच्चवर्णीय समाजाच्या दृष्टीने यातली एकेक गोष्ट बाईला वाळीत टाकण्यास पुरेशी होती. प्रसूतीचे काम सुइणीकडे असे, आणि सुइणीवाचून अडत असूनही तिला मान नव्हता. अशा वेळी रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिका म्हणून शिकण्यासाठी मुली आणि विधवा पाठवल्या. वस्त्रावरून बाईची पायरी ठरवण्याची सवय आपल्या समाजाला जुनीच. आलवण नेसलेल्या विधवेने माजघरात दिसेनासे होऊन राहावे अशी अपेक्षा करणाऱ्या घरांतून या स्त्रिया आल्या होत्या. पांढऱ्या गणवेशाने त्यांना दुसरे वस्त्र दिले. ते अंगावर असताना त्या कुणाच्या विधवा किंवा कुणाच्या मुली नव्हत्या. सरकारी दवाखान्यात अधिकाराने वावरणाऱ्या बाई होत्या. टोपीला आज हसणाऱ्यांनी ही बाजू विसरता कामा नये. एका पिढीपुरती का होईना, ती ढालीसारखी उपयोगी पडली.

मान आणि वेतन

मात्र ही ढाल फुकट मिळाली नाही. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवले आहे. ज्या व्यवसायांना समाजात मान असतो, त्यांत मान हाच मोबदल्याचा मोठा भाग असतो आणि रोख प्राप्ती त्या मानाने कमी राहते. परिचारिकांच्या बाबतीत हे निरीक्षण निष्ठुरपणे खरे ठरले. सेवा, त्याग, करुणा, दिवा घेतलेली देवी या शब्दांचा वर्षाव झाला आणि वेतनाचा प्रश्न निघाला की तेच शब्द आडवे आले. देवीने पगार मागायचा नसतो.

खरे तर बाजाराच्या साध्या नियमाने परिचारिकेचे वेतन चढायला हवे होते. भोर समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालात ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असे प्रमाण नोंदले होते. इतकी दुर्मीळ वस्तू स्वस्त कशी राहते, हा प्रश्न मी वर्गात विद्यार्थ्यांना मुद्दाम विचारतो. उत्तर असे की विकणाऱ्या अनेक आणि विकत घेणारे मोजके, अशी या श्रमाच्या बाजाराची रचना आहे. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये खरेदीदाराच्या मक्तेदारीचे जे विवेचन केले, त्याचे उदाहरण म्हणून पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके रुग्णालय आणि परिचारिका हीच जोडी देतात. तालुक्याच्या गावी दोन खासगी रुग्णालये असतात, तिथल्या मुलीला लग्न, सासर, मुले यांमुळे गाव सोडता येत नाही. मग तिच्या श्रमाची किंमत ठरवतो कोण, हे सांगायला नको. ज्यांना गाव सोडता येते त्या केरळातून मुंबईला आणि मुंबईहून आखातात किंवा इंग्लंडात जातात. तेथे त्यांना देवी म्हणत नाहीत, पण महिनाअखेरीस हिशेब चोख होतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये या प्रश्नात लक्ष घालून समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने दिलेली सूत्रे स्पष्ट होती. २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने शासकीय परिचारिकेइतकेच वेतन द्यावे. १०० ते २०० खाटा असतील तर ते फार तर १० टक्क्यांनी कमी असावे आणि ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्क्यांनी. त्याहून लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. आज आपल्या ओळखीच्या एखाद्या छोट्या रुग्णालयात जाऊन तेथील मुलीला हळूच तिचा पगार विचारावा, म्हणजे या सूत्रांचे काय झाले ते कळेल. गणवेश मात्र तिचा कडक इस्त्रीचा असतो. टोपी परत आणण्याची मागणी करणाऱ्यांना माझा पहिला आक्षेप हाच आहे. मान वाढवायचा असेल तर तो वेतनात, खाटांमागे परिचारिकांच्या प्रमाणात आणि वॉर्डातल्या निर्णयात त्यांना मिळणाऱ्या स्थानात दिसला पाहिजे. डोक्यावर कापड ठेवून त्याची भरपाई होत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने टोपीचा विचार थोडक्यात आटोपता येतो. तिने केस नीट झाकले जात नाहीत, ती रोज धुतली जात नाही, रुग्णावर ओणवे झाले की ती पडद्याला किंवा सलाइनच्या नळीला अडकते, आणि ती सावरायला हात डोक्याकडे जातो तो हात नंतर रुग्णालाच लागतो. अमेरिकेत १९७० आणि १९८० च्या दशकांत ती बहुतेक रुग्णालयांतून गेली. ब्रिटन आणि जपान त्यामागून त्याच वाटेने गेले. इंग्लंडने २००७ मध्ये डॉक्टर-परिचारिकांना कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा दंडक घातला, तेव्हा डॉक्टरांचा लांब बाह्यांचा पांढरा कोटही गेला. त्यामागचा शास्त्रीय पुरावा फार भक्कम नव्हता असे तेव्हाही म्हटले गेले, परंतु हात मनगटाच्या वरपर्यंत धुता यावेत या साध्या विचाराला विरोध करणे कुणाला जमले नाही. शिवाय पुरुष परिचारकांची संख्या वाढत आहे, आणि त्यांच्यासाठी टोपी कधीच नव्हती. टोपीवाचून त्यांच्या शिस्तीत काही उणे राहिल्याचे ऐकिवात नाही.

ओळखीचा प्रश्न

टोपी जाण्यास हरकत नाही, असे म्हटले म्हणजे वेगळा ओळखू येणारा गणवेशही जावा असे होत नाही. आपल्याकडे नेमकी येथेच गल्लत झाली आहे. टोपीबरोबर तिने बजावलेले एक उपयुक्त कामही आपण काढून टाकले आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही.

काही वर्षांपूर्वी माझी आई एका शहरातील रुग्णालयात नऊ दिवस होती. तिच्या खोलीत दिवसभरात पिस्ता रंगाच्या एकसारख्या पोशाखातल्या आठ-दहा मुली ये-जा करीत. आईच्या लेखी त्या सगळ्या 'सिस्टर'. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर, हा प्रश्न तिने त्यांतल्या एकीला विचारला. ती निघाली आहाराची पत्रके भरून घेणारी मुलगी. ती प्रामाणिक होती, 'आजी, विचारून सांगते,' म्हणाली आणि खरोखरच विचारून आली. पण दुसरी एखादी अंदाजाने काही सांगून मोकळी झाली असती तर आईने ते निमूटपणे ऐकले असते, कारण तिच्या दृष्टीने तो सिस्टरचा शब्द होता. गळ्यात ओळखपत्र होते. ते बहुतेक वेळा उलटे फिरलेले असे, आणि सुलटे असले तरी सत्तरीपुढच्या डोळ्यांना त्यावरची अक्षरे दिसण्याजोगी नव्हती.

जुन्या शासकीय रुग्णालयात अशिक्षित माणसालाही ही उतरंड कळे. टोपी, पट्टा, बॅज आणि साडीचा काठ यांवरून शिकाऊ मुलगी, अधिपरिचारिका, परिसेविका आणि अधिसेविका वेगवेगळ्या ओळखू येत. आया ही 'मावशी' आणि वॉर्डबॉय हा 'मामा' असे. या नात्यांच्या संबोधनांतही कामाची वाटणी होती. इंजेक्शनबद्दल मावशीला कुणी विचारत नसे.

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण घेणाऱ्याला मालाची पारख करता येत नाही. परवाने, नोंदणी आणि व्यवसायाच्या नीतिनियमांचा जन्म त्यातूनच होतो. १९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ यांनी एक पाऊल पुढे टाकले. चांगला आणि वाईट माल ग्राहकाला वेगळा ओळखता आला नाही तर चांगल्याला चांगली किंमत मिळत नाही आणि तो बाजारातूनच निघून जातो, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा. त्यांनी उदाहरण जुन्या मोटारींचे घेतले होते, पण परिचारिकांना ते तंतोतंत लागू पडते. तीन-चार वर्षे शिकून, परीक्षा देऊन परिषदेकडे नोंदणी केलेली परिचारिका आणि सहा महिन्यांचा कसला तरी वर्ग करून आलेली मुलगी एकाच पोशाखात उभ्या असतील, तर रुग्णालयाने महागडी परिचारिका ठेवावी कशाला? बिलावर शुश्रूषेची आकारणी तीच राहते. फसवणूक रुग्णाची होतेच. पण त्याहून अधिक झळ पात्र परिचारिकेला बसते, कारण तिच्या शिक्षणाची किंमत बाजारात दिसेनाशी होते. घरी रुग्ण सांभाळायला ब्यूरोमार्फत येणारी बाई पांढरा कोट घालून आली की शेजारीपाजारीही तिला नर्स म्हणू लागतात. तिच्या कष्टांविषयी अनादर नाही, पण तिच्याकडून इन्सुलिन टोचून घेणाऱ्या म्हाताऱ्याला ती कोण आहे हे माहीत असले पाहिजे.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये संकेताची कल्पना मांडली. संकेत विश्वसनीय ठरायचा तर तो लबाडाला परवडता कामा नये. नाइटिंगेलच्या काळी टोपी हा असा संकेत होता, कारण ती प्रशिक्षण पुरे करणाऱ्याच मुलीला मिळे आणि रुग्णालयाबाहेर कुणी ती घालीत नसे. आज कोणताही शिंपी तासाभरात हवा तो गणवेश शिवून देतो. म्हणून नुसता वेगळा रंग पुरेसा नाही, त्याला नोंदणीची जोड हवी. आपल्याकडे कायद्याचा साचा त्यासाठी तयारच आहे. १९४७ च्या कायद्याने आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिकांना देशपातळीवर एकच ओळख क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा झाला, त्यातही सर्वांना पाहता येईल अशा अद्ययावत नोंदवहीची तरतूद आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याखाली राज्याची स्वतंत्र परिषद आहे, आणि खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यात पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे ही अट पहिल्यापासून आहे. एवढे सगळे असून खाटेवरच्या माणसाला समोरची बाई नोंदणीकृत आहे की नाही हे कळत नाही. ती माहिती कपाटातल्या फायलीत राहते, छातीवर येत नाही.

इतरत्र काय केले गेले ते पाहण्यासारखे आहे. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी रंगांची एकच संहिता लागू होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे. रुग्णालय बदलले तरी रंगाचा अर्थ बदलत नाही. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर या तरुण डॉक्टर स्वतः कर्करोगाने रुग्णशय्येवर असताना त्यांच्या ध्यानात आले की आपल्यापाशी येणारे बहुतेक जण आपले नावच सांगत नाहीत. 'माझे नाव अमुक' एवढे प्रथम सांगावे, अशी मोहीम त्यांनी २०१३ मध्ये सुरू केली. २०१६ मध्ये त्या वारल्या, पण मोहीम जगभर पसरली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉब हॅकेट या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहात घालायच्या टोपीवर ठळक अक्षरांत स्वतःचे नाव आणि काम लिहायला सुरुवात केली. म्हणजे टोपी परत आली ती नाव घेऊन! करोनाच्या साथीत आपल्याकडेही हेच घडले. अंगभर झबल्यांत सगळे सारखे दिसू लागले तेव्हा परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी पाठीवर-छातीवर पेनाने नावे लिहिली. ज्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने नाइटिंगेलच्या द्विशताब्दीनिमित्त परिचारिका वर्ष पाळायचे ठरवले होते, नेमके त्याच २०२० साली ही पाळी यावी हा एक योगायोगच.

धुलाई आणि खोली

आता खर्चाकडे वळू. गणवेश हे कामाचे साधन आहे असे मानले तर त्याचा खर्च काम करून घेणाऱ्याने सोसायचा असतो. कारखान्यात कामगाराला शिरस्त्राण स्वतःच्या पैशाने आणायला सांगत नाहीत. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, आपल्या परिचारिकांना गणवेश भत्ता दरमहा १,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २१,६०० रुपये, द्यायचे ठरवले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला की तो २५ टक्क्यांनी वाढावा अशीही तरतूद केली. इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा ठोक रक्कम मिळते. परिचारिकांना ती दरमहा द्यावी, कारण त्यांचा गणवेश सतत धुवावा लागतो आणि स्वच्छतेची गरज अधिक असते, हे कारण सरकारनेच दिले आहे. तत्त्व मान्य झाले, पण त्याचा लाभ कायम नोकरीतल्यांना. महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका २०२२ च्या मे महिन्यात संपावर गेल्या तो पदे बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याच्या विरोधात. कंत्राटी परिचारिकेला सुटी, बढती, निवृत्तिवेतन यांची शाश्वती नसते, मग गणवेशाच्या भत्त्याची बात दूरच. एकाच वॉर्डात, एकाच रंगाच्या पोशाखात दोघी शेजारी उभ्या असतात. एकीच्या कपड्याचा खर्च सरकार देते आणि दुसरीच्या तुटपुंज्या पगारातून तो जातो. खासगी क्षेत्रात तर गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापून घेण्याची प्रथा असल्याचे माझ्या काही माजी विद्यार्थिनींच्या घरांतून ऐकले आहे.

धुलाईचेही तसेच. ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटे धुतले तर कपड्यावरचे जवळजवळ सर्व रोगजंतू नाहीसे होतात, असे ब्रिटिश आरोग्य खात्याचे मार्गदर्शन सांगते. चाळीतल्या किंवा भाड्याच्या एका खोलीतल्या मोरीत, घरच्या कपड्यांबरोबर, गार पाण्यात धुतलेला गणवेश त्या कसोटीला कसा उतरणार? वॉर्डातली चादर रुग्णालयाच्या धुलाईगृहात जाते आणि त्याच चादरीला दिवसभर चिकटलेला परिचारिकेचा गणवेश लोकलने बदलापूरला जातो, ही व्यवस्था स्वच्छतेच्या कोणत्या शास्त्रात बसते ते कळत नाही. गणवेश रुग्णालयाचा, धुलाई रुग्णालयाची आणि तो घालून रस्त्यावर जायचे नाही, ही साखळी सुटी करता येत नाही. रस्त्यावर न जाण्याला दुसरेही कारण आहे. करोनाकाळात मेक्सिकोमध्ये परिचारिकांवर भर रस्त्यात हल्ले झाले आणि त्यांना गणवेश घालून बाहेर पडू नका असे सांगावे लागले. आपल्याकडे घरमालकांनी परिचारिकांना खोल्या खाली करायला लावल्याच्या तक्रारी आल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राला आरोग्यसेवकांच्या संरक्षणासाठी वटहुकूम काढावा लागला. ज्यांच्यासाठी टाळ्या-थाळ्या वाजल्या त्यांचीच ही कथा.

पण गणवेश घरी न्यायचा नसेल तर तो बदलायला जागा हवी. येथे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी पाळी संपल्यावर त्या कपडे बदलण्यासाठी रुग्णालयाच्या तळघरात गेल्या होत्या. तेथे त्यांच्यावर जो हल्ला झाला त्यातून त्या पुन्हा शुद्धीवर अशा कधी आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या प्रकरणावरून देशात दयामरणाची चर्चा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल आला, पुस्तके लिहिली गेली. ही सर्व चर्चा मोलाची होती. तथापि, पाळी संपलेल्या परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावे लागते, हा क्षुद्र वाटणारा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. पन्नास वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीचा चर्चासत्राच्या खोलीत बळी गेला. तीही दीर्घ पाळीच्या मध्ये तेथे विसाव्याला गेली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या कृतिदलापुढे विश्रांतीच्या आणि कपडे बदलण्याच्या स्वतंत्र, सुरक्षित खोल्यांचा मुद्दा आला. गणवेशाची चर्चा करणाऱ्या प्रत्येक समितीने कापडाचा नमुना पाहण्यापूर्वी ही खोली पाहावी, तिला आतून कडी आहे का आणि रात्री तिथपर्यंतच्या जिन्यात दिवा लागतो का ते पाहावे, असे मला वाटते.

जुन्या परिचारिकांच्या भावनेला मी कमी लेखत नाही. टोपी मिळण्याचा दिवस त्यांच्या आयुष्यात मुंजीसारखा किंवा दीक्षेसारखा होता. पहाटे उठून खळ घालायची, दुमडी बरोबर पडेपर्यंत पुन्हापुन्हा घडी घालायची, टाचण्या लावायच्या, यात कामाआधी मन गोळा करण्याचा एक विधी होता. वकिलाला काळा झगा आणि बँड लागतात ते काही उन्हाळ्याच्या सोयीसाठी नव्हे. दीक्षासमारंभात टोपी ठेवावी, महाविद्यालयाच्या सभागृहात ठेवावी. त्याला कुणी आड येण्याचे कारण नाही. मात्र वॉर्डातली शिस्त टोपीमुळे होती, हे अनुमान तपासून घेतले पाहिजे. त्या काळी अधिसेविकेला वॉर्डात अधिकार होता, तिच्या शेऱ्याला वजन होते आणि रजेवर गेलेल्या परिचारिकेच्या जागी दुसरी मिळत असे. आज एकीने तीस-चाळीस रुग्ण पाहायचे आणि वर नोंदवह्या भरायच्या. टोपी घालून ती तेवढेच रुग्ण पाहील.

करण्याजोगे जे आहे ते फार खर्चाचे नाही. राज्यभर सर्व रुग्णालयांसाठी, शासकीय आणि खासगी, रंगांची एकच संहिता असावी. नोंदणीकृत परिचारिकेचा एक रंग कायद्याने राखून ठेवावा, आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीला तो घालायला लावणाऱ्या रुग्णालयाला दंड करावा. दंड रुग्णालयाला, त्या मुलीला नव्हे. छातीवर देवनागरीत, चार हातांवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, नाव, पद आणि नोंदणी क्रमांक शिवलेला असावा. गळ्यात लोंबकळणारे पत्र चालणार नाही. पूर्ण नावाने पाठलाग होण्याची भीती परिचारिका बोलून दाखवतात आणि ती खरी आहे, सबब आडनाव गाळून पहिले नाव आणि क्रमांक एवढ्यावर भागवावे. कंत्राटी असो वा कायम, गणवेशाचे तीन-चार जोड आणि त्यांची धुलाई रुग्णालयाने द्यावी.

२०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच फलकाशेजारी कोणता रंग कोणाचा याचा सचित्र तक्ता लावायला आणि त्याखाली आजच्या पाळीत नोंदणीकृत परिचारिका किती हा आकडा रोज खडूने लिहायला नियमात एका ओळीची भर पुरेशी आहे. ती ओळ घालायची म्हटली की विरोध कुठून येईल याचा अंदाज परिचारिकांच्या संघटनांना असेलच. त्यांनी पुढच्या मागणीपत्रात टोपीच्या ठरावाऐवजी ही ओळ घालून पाहावी.